पिशवी काढण्यापूर्वी

“पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.” पाळीत फार रक्त जाते म्हणून दवाखान्यात गेलेल्या चाळिशीतल्या बाईला हा सल्ला हमखास मिळतो. वाघोलीत पोटापाण्यासाठी आलेल्या मराठवाड्यातील कुटुंबांना तो नवा नाही. २०१९ मध्ये शासकीय समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले.

शस्त्रक्रिया नेहमीच चुकीची असते असे नाही. कर्करोग असेल किंवा मोठ्या गाठींचा त्रास औषधांनी थांबत नसेल, तर ती करावी लागते. पण इतर वेळी पर्याय असतात आणि कोणता घ्यायचा हे बाईच्या पसंतीवरही अवलंबून असते. यासाठी आता मोबाईलवर किंवा संगणकावर पाहता येणारे ‘निर्णय-सहायक’ तयार झाले आहेत. कॅनडातील ओटावाच्या संशोधन संस्थेने त्यांची यादीच ठेवली आहे. सहायक तुमच्यासाठी निर्णय घेत नाही. तो पर्याय शेजारी शेजारी मांडतो आणि तुम्हाला काय महत्त्वाचे वाटते, हे विचारतो.

अतिरक्तस्रावाचेच पाहा. ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या फक्त पाळीच्या दिवसांत घ्यायच्या; रक्ताच्या गुठळ्या होण्याचा त्रास झालेल्यांनी त्या टाळाव्यात. संप्रेरक सोडणारी तांबी गर्भाशयात बसवली तर रक्तस्राव खूप घटतो, पण पहिले काही महिने अनियमित डाग पडतात. पिशवी काढल्यावर पाळी कायमची थांबते. मात्र भूल, टाके, आठवडे विश्रांती आणि पुन्हा मूल नाही. सोबत अंडाशयेही काढली तर रजोनिवृत्ती लगेच येते व हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. ‘अंडाशये ठेवणार का?’ हा प्रश्न म्हणूनच स्वतंत्रपणे विचारावा. आपल्याकडे तो बहुधा विचारलाच जात नाही.

डॉक्टरांची तक्रार असते की एवढे बोलायला वेळ कुठे? २०२४ मध्ये २०९ अभ्यास एकत्र तपासण्यात आले. रुग्णांना माहिती अधिक समजली आणि तपासणीच्या वेळीच सहायक वापरला तर वेळ सुमारे दीड मिनिट वाढला. घरी वाचून आल्यास तोही वाढला नाही. इंग्रजी अडत असेल तर मुलीला, भाचीला शेजारी बसवा. सोनोग्राफी व हिमोग्लोबिनचे कागदही सोबत ठेवा.

समीरा कोहली खटल्यात, १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा स्पष्ट केला. ४४ वर्षांची ही बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी गेली होती. ती भुलीत असताना आईची सही घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशये काढण्यात आली. तातडीचा प्रसंग नसताना सज्ञान बाईऐवजी नातेवाइकाची संमती चालत नाही, असे न्यायालयाने ठरवले. नवऱ्याच्या सहीवर काम भागवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

मात्र तासाला एक पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, तर मोबाईल बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठावे. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर थेंबभर असले तरी त्याच आठवड्यात तपासून घ्यावे.