मुदत संपते, हक्क संपत नाही
आगाऊ पैसे भरून घेतलेल्या सवलतीच्या व्हाउचरविषयी इस्लामी दृष्टिकोन

समजा, एका कापड दुकानदाराने रमजानपूर्वी योजना जाहीर केली : आज 800 रुपये भरा आणि 1000 रुपयांच्या खरेदीचे व्हाउचर घ्या. मुदत तीन महिने. एका भगिनीने मुलांच्या ईदच्या कपड्यांसाठी ते घेतले. पुढच्याच आठवड्यात तिच्या पतीचे निधन झाले व ती इद्दतमध्ये बसली. विधवेची इद्दत 4 महिने 10 दिवसांची. ती पूर्ण करून ती दुकानात गेली, तेव्हा दुकानदाराने व्हाउचरवरील बारीक अक्षरांकडे बोट दाखवले आणि म्हटले, "मुदत संपली. आता काही देता येणार नाही."

हा व्यवहार कायद्याच्या चौकटीत कदाचित बसेलही. पण तो शरीअतच्या चौकटीत बसतो काय? ते 800 रुपये दुकानदारासाठी हलाल ठरतात काय?

मूळ तत्त्व

दिव्य कुरआनात अल्लाहने श्रद्धावंतांना बजावले आहे की, त्यांनी एकमेकांची संपत्ती अवैध मार्गाने खाऊ नये. परस्परांच्या संमतीने केलेला व्यापार मात्र वैध आहे (सूरह निसा, आयत 29). याच कुरआनात करार पाळण्याचा आदेशही आहे (सूरह माइदा, आयत 1).

येथे दुकानदार म्हणेल, "मुदत ही कराराचीच अट होती आणि ग्राहकाने ती मान्य केली होती." हा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. मुसलमान आपल्या अटींशी बांधील असतात, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. परंतु हलालला हराम अथवा हरामला हलाल करणारी अट यास अपवाद आहे, हेही त्याच हदीसमध्ये स्पष्ट केले आहे (तिर्मिजी). म्हणजे केवळ अट लिहिली होती, एवढे पुरेसे नाही. त्या अटीमुळे कोणाचा माल कोणाकडे मोबदल्याविना जातो, हेही पाहावे लागते.

व्हाउचर एकाच प्रकारचे नसते

पहिला प्रकार मोफत कूपनाचा. ग्राहकाने काहीच दिलेले नसते. ही दुकानदाराची भेट आहे. ती किती दिवस द्यायची, हे त्याने ठरवावे. येथे मुदत घालण्यात अन्याय नाही.

दुसरा प्रकार ठरावीक दिवसाच्या सेवेचा. एखाद्याने अमुक तारखेची खोली किंवा प्रवासाची जागा राखून ठेवली आणि तो आलाच नाही. मालकाने ती जागा त्याच्यासाठी रिकामी ठेवली, दुसऱ्याला दिली नाही. फिकहमध्ये भाड्याचा नियमही असाच आहे : घर ताब्यात दिल्यावर भाडेकरू तेथे राहिला नाही, तरी भाडे द्यावे लागते. येथे मुदत न्याय्य आहे, कारण मोबदला दिला गेला आहे.

तिसरा प्रकार आपल्या उदाहरणातला. दुकानदाराने त्या भगिनीसाठी कोणताही माल बाजूला काढून ठेवला नव्हता. कपाटातील कापड तो रोज विकतच होता. तिच्या न येण्याने त्याचे काहीही नुकसान झाले नाही. उलट, तिचे 800 रुपये इतके दिवस त्याच्या धंद्यात फिरत राहिले. मग ते गिळंकृत करण्याचा आधार कोणता?

इसाऱ्याचा दाखला

फिकहच्या ग्रंथांत 'उरबून' म्हणजे इसाऱ्याच्या व्यवहाराची चर्चा आहे. खरेदी झाली तर इसारा किमतीत धरायचा. न झाल्यास तो विक्रेत्याचा. हनफी, मालिकी व शाफई विद्वानांनी हा व्यवहार अवैध ठरवला, कारण त्यात विक्रेता मोबदल्याविना पैसा घेतो. हंबली विद्वानांनी तो वैध मानला. आदरणीय उमर (रजि.) यांच्या काळात मक्केतील त्यांचे अधिकारी नाफेअ यांनी सफवान बिन उमय्या यांचे घर अशाच अटीवर घेतले होते, हा त्यांचा आधार. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनेही 1993 मध्ये मुदत निश्चित असण्याच्या अटीवर त्यास परवानगी दिली.

मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. इसारा हा किमतीचा एक भाग असतो आणि तो घेऊन विक्रेता विशिष्ट वस्तू अडवून ठेवतो. व्हाउचरमध्ये पूर्ण रक्कम आधीच घेतली जाते आणि वस्तू अडवली जात नाही. म्हणून ज्यांनी इसारा वैध मानला, त्यांच्या मताचाही आधार येथे सहजासहजी मिळत नाही. कोकणातील शाफई आणि इतरत्रचे हनफी, अशा आपल्या बहुसंख्य कुटुंबांच्या मसलकांत तर इसारा जप्त करणेही वैध नाही.

काळाने हक्क बुडतो काय?

उस्मानी राजवटीत 1869 ते 1876 या काळात हनफी फिकहवर आधारित 'मजल्ला' ही कायदेसंहिता तयार झाली. साधारण दाव्यांसाठी तिने 15 वर्षांची मर्यादा घातली. पण काळ लोटल्याने हक्क नष्ट होत नाही, हे तत्त्वही नोंदवले. प्रतिवादीने आपल्याकडे देणे असल्याचे न्यायालयात मान्य केले, तर मर्यादा उलटूनही ते द्यावे लागे. म्हणजे मुदत न्यायालयाचे दार बंद करू शकते, अल्लाहच्या दरबाराचे नव्हे.

आपल्या देशात रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या निर्देशांनुसार प्रीपेड साधनांची मुदत किमान एक वर्ष असावी लागते आणि ती संपण्यापूर्वीच्या 45 दिवसांत धारकाला सूचना द्यावी लागते. परंतु एखादे दुकान केवळ स्वतःच्या मालासाठी जे व्हाउचर देते, ते या नियमांच्या कक्षेत येत नाही. अशा ठिकाणी ईशभय हाच खरा पहारेकरी होय.

न्याय्य मार्ग

उदाहरणातील रकमेचे दोन भाग करावेत. 800 रुपये ही ग्राहकाने दिलेली किंमत आहे. 200 रुपये ही दुकानदाराने देऊ केलेली सवलत आहे. सवलतीला मुदत असू शकते. ती उलटल्यावर 200 रुपये नाकारण्याचा दुकानदाराला अधिकार आहे. 800 रुपयांचा माल द्यावा किंवा रक्कम परत करावी, हे मात्र त्याच्यावर बंधनकारक आहे.

व्यापारी बंधूंनी मुदत ठळक अक्षरांत छापावी आणि तोंडीही सांगावी. प्रेषित (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घालून तळाचा ओलेपणा उघड केला होता आणि ओले धान्य लोकांना दिसेल असे वर ठेवण्यास सांगितले होते (मुस्लिम). बारीक अक्षरांत दडवलेली अट ही त्या तळाच्या ओल्या धान्यासारखीच आहे. न वटलेल्या व्हाउचरांची नोंद देण्याच्या खात्यात ठेवावी, नफ्याच्या नव्हे. शोध घेऊनही मालक सापडला नाही, तर त्याच्या वतीने ती रक्कम सदका करावी. पुढे तो आलाच, तर त्याचा हक्क द्यावा.

ग्राहकांचेही कर्तव्य आहे. अटी वाचूनच पैसे द्यावेत, वेळेत खरेदी करावी, तारखेविषयी खोटे बोलू नये, आणि मुदतीनंतर सवलतीचा हट्ट धरू नये. विशिष्ट योजनेविषयी शंका असल्यास जाणकार मुफ्तींना विचारावे.

एका कर्जदाराचा जनाजा आला असता प्रेषित (स.) यांनी नमाज पढवण्यास प्रथम नकार दिला, अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःवर घेतले, तेव्हाच नमाज पढवली (बुखारी). आपल्या गल्ल्यात पडून असलेले ते 800 रुपये हेही कर्जच आहे. ती भगिनी कदाचित पुन्हा विचारायला येणार नाही, मुलांनी जुन्या कपड्यांत ईद केली हेही सांगणार नाही. पण हिशोबाच्या दिवशी तिची मागणी मुदतबाह्य ठरणार नाही.

अल्लाह आपल्या कमाईत शुद्धता आणि व्यवहारात न्याय देवो. आमीन.