खाडी एक, पूल तीन : पुलांची पुनर्बांधणी आणि पर्यावरणाची तपासणी

जुलै २०१९ च्या अखेरीस उल्हास नदीस महापूर आला. कल्याण-मुरबाड मार्गावरील रायते येथील पुलालगतचा रस्ता त्या पुरात खचून वाहून गेला आणि मुरबाड तालुक्याचा कल्याणशी असलेला नेहमीचा संपर्क तुटला. माळशेज घाटाकडे जाणारा हा हमरस्ता आहे. दूध, भाजीपाला, महाविद्यालयात जाणारे विद्यार्थी, रुग्णालयात न्यावयाचे रुग्ण, सर्वांची वाट एकच. पूल ही केवळ दगड-सिमेंटची वास्तू नसून शेकडो गावांची जीवनवाहिनी असते, याची जाणीव अशा वेळी प्रकर्षाने होते.

पूल जुना झाला, की तो बदलावा लागतो. नवा पूल किती रुंद असावा, त्यास किती खर्च येईल, तो केव्हा पुरा होईल, हे प्रश्न ग्रामसभेपासून मंत्रालयापर्यंत विचारले जातात. परंतु नदी अथवा खाडी त्या पुलाचे काय करील आणि पूल त्या नदीचे काय करील, हा प्रश्न मात्र पुष्कळदा मागे राहतो. या प्रश्नाचे उत्तर काम सुरू होण्यापूर्वी पद्धतशीरपणे शोधणे, यालाच पर्यावरणीय तपासणी म्हणतात. ठाणे जिल्ह्यातच या विषयाचा एक उत्तम पाठ उपलब्ध आहे. तो म्हणजे वाशी येथील ठाणे खाडीवरील पूल.

पहिला पूल : खाडीने शिकविलेला धडा

मुरबाड व शहापूर तालुक्यांत सह्याद्रीच्या कुशीत पडणारा पाऊस काळू, भातसा व बारवी या नद्यांवाटे उल्हास नदीत जातो. उल्हास वसईच्या खाडीने समुद्रास मिळते. तिचा एक फाटा ठाणे शहराजवळ ठाणे खाडीस जोडलेला आहे. डोंगरातील गावे आणि खाडीकाठची गावे यांचे नाते असे पाण्याने बांधलेले आहे.

ठाणे खाडीवर वाशी येथे पहिला पूल १९७३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. मुंबई बेट आणि मुख्य भूमी यांना जोडणाऱ्या या पुलामुळे नवी मुंबईच्या उभारणीस मोठाच हातभार लागला. तथापि काही वर्षांतच पुलाच्या पूर्वप्रतिबलित काँक्रीटमधील पोलादी केबल गंजू लागल्याचे आढळून आले. खाऱ्या हवेतील व पाण्यातील क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरते व पोलादास गंज चढतो. गंज मूळ पोलादापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीटला तडे जातात आणि तड्यांतून खारे पाणी आणखी आत शिरते. केबलच्या नळीत भरलेला सिमेंटचा गिलावा अपुरा असेल, तर हे सारे नजरेआड घडते. वाशीच्या पुलाची अवजड वाहतूक सोसण्याची क्षमता अशा रीतीने घटली.

हा अनुभव एकट्या वाशीचा नव्हता. गोव्यात पणजी येथे मांडवी नदीवर १९७० मध्ये बांधलेला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. तेथेही खाऱ्या वातावरणातील गंज हेच प्रमुख कारण ठरले. पूल पर्यावरणावर परिणाम करतो हे सर्वमान्य आहे. परंतु पर्यावरणही पुलावर परिणाम करते, हे या दोन पुलांनी दाखवून दिले. त्या काळी पर्यावरणाची तपासणी करणे कायद्याने बंधनकारक नव्हते. अमेरिकेत असा कायदा १९७० च्या आरंभी अमलात आला होता. भारतात पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ मध्ये संमत झाला.

दुसरा आणि तिसरा पूल : बदललेले प्रश्न

वाशी येथे पहिल्या पुलाचा भार घेण्यासाठी दुसरा पूल बांधण्यात आला आणि १९९७ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. मधल्या काळात बरेच काही बदलले होते. फेब्रुवारी १९९१ मध्ये केंद्र शासनाने सागर किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना काढली. समुद्राबरोबरच भरती-ओहोटीच्या पाण्याने प्रभावित होणाऱ्या खाड्या व नदीमुखेही तिच्या कक्षेत आली. १९९४ मध्ये ठरावीक प्रकल्पांसाठी पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन सक्तीचे झाले. या अधिसूचना पुढे सुधारण्यात आल्या. सागर किनारा नियमनाच्या २०११ व २०१९ च्या आणि परिणाम-मूल्यमापनाची २००६ ची अधिसूचना या संदर्भात महत्त्वाच्या होत.

नियमनाची हद्द आतल्या बाजूस कोठपर्यंत जाते, याची कसोटी सोपी आहे. वर्षातील सर्वांत कोरड्या दिवसांत पाण्याची क्षारता दर हजार भागांत पाच भाग जेथपर्यंत आढळते, तेथपर्यंत ते पाणी भरती-ओहोटीच्या प्रभावाखालील मानले जाते.

वाढत्या वाहतुकीस दुसरा पूलही अपुरा पडू लागल्याने महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने तिसरा पूल हाती घेतला. सुमारे १.८ किलोमीटर लांबीचे, प्रत्येकी तीन मार्गिकांचे हे दोन समांतर पूल २०२४ व २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने खुले झाले. या वेळी विचारले गेलेले प्रश्न १९७३ च्या तुलनेत पूर्णतः निराळे होते. खाडीच्या दोन्ही काठांवर कांदळवन आहे. पुलाच्या उत्तरेस ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य असून ते २०१५ मध्ये घोषित झाले व २०२२ मध्ये रामसर पाणथळ क्षेत्रांच्या यादीत समाविष्ट झाले. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडण्यास राज्यभर मनाई केली. सार्वजनिक हितासाठी ते अपरिहार्य असल्याची न्यायालयाची खात्री पटली, तरच अपवाद होऊ शकतो. २०१९ च्या अधिसूचनेनुसार रस्त्याच्या कामात जितके कांदळवन बाधित होईल, त्याच्या किमान तिप्पट क्षेत्रावर नवी लागवड करावी लागते.

कांदळवनास एवढे महत्त्व का, हे समजून घेणे इष्ट होय. या झाडांची मुळे गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात आणि किनाऱ्याची धूप रोखतात. मुळांच्या जाळ्यात कोळंबी, चिंबोरी व अनेक जातींच्या माशांची पिले वाढतात. कांदळवनाची हानी ही केवळ झाडांची नव्हे, मासळीच्या पुढील हंगामाचीही हानी असते.

उशिरा विचारलेला प्रश्न

तथापि वाशीच्या तिसऱ्या पुलाचा सर्वांत महत्त्वाचा धडा झाडांचा नाही, तो माणसांचा आहे. या खाडीत पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणारा कोळी समाज आहे. खांबांचे काम चालू असताना गढूळपणा वाढतो, होड्यांची वाट अडते आणि जाळी टाकण्याच्या जागा बंद होतात. जमीन गेली, तर सात-बाराच्या उताऱ्यावर तिची नोंद असते; पाण्यातील जागेचा उतारा कोणाकडेच नसतो. म्हणूनच भूसंपादनाच्या यादीत शेतकरी येतो, मच्छीमार येत नाही.

वाशी परिसरातील मच्छीमारांच्या सहकारी संस्थेने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. २०२१ मध्ये दिलेल्या निकालात न्यायालयाने पुलाचे काम थांबविले नाही. परंतु परंपरागत मासेमारीवर उपजीविका करणाऱ्यांचे हक्क मान्य करून त्यांना भरपाई देणे आवश्यक ठरविले. विकास प्रकल्पांमुळे बाधित होणाऱ्या मच्छीमारांसाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये भरपाईचे धोरणही जाहीर केले.

पूल झाला आणि हक्कही मान्य झाला. मात्र जो प्रश्न आराखड्याच्या टेबलावर सुटावयास हवा होता, त्यास न्यायालयाची पायरी चढावी लागली. कोणत्या गावाच्या किती होड्या कोठे जातात, कोणत्या महिन्यांत कोणती मासळी मिळते, ही माहिती गावकऱ्यांच्या तोंडी असते. ती आरंभीच नोंदविली गेली, तर भरपाई अंदाजपत्रकातच धरता येते आणि कामाचे वेळापत्रकही हंगाम पाहून आखता येते. तपासणीमुळे काम लांबते, असा समज रूढ आहे. वस्तुतः तपासणी उशिरा झाल्याने काम लांबते.

घाईच्या प्रसंगी काय?

कित्येकदा वाट पाहण्यास अवसरच नसतो, हेही खरे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल महापुरात कोसळला आणि राज्य परिवहनाच्या दोन बसगाड्यांसह काही वाहने नदीत वाहून गेली. त्या जागी नवा पूल उभारून तो ५ जून २०१७ रोजी, म्हणजे पुढील पावसाळ्याच्या तोंडावर, खुला करण्यात आला. अशा वेळी सुरक्षितता हीच सर्वांत मोठी निकड असते. घाईतही योग्य निर्णय होण्यास एकच मार्ग आहे. नदीची माहिती अपघातापूर्वीच तयार असली पाहिजे.

मुरबाड-शहापूरसाठी बोध

काळू, भातसा व उल्हासच्या वरच्या पात्रांत भरतीचे पाणी पोहोचत नाही. त्यामुळे सागर किनारा नियमन तेथे लागू होत नाही. परिणाम-मूल्यमापनाच्या २००६ च्या अधिसूचनेतील सूचीतही पुलांचा स्वतंत्र उल्लेख नाही. वनजमीन अथवा तानसासारखे अभयारण्य मध्ये आले, तर त्या त्या कायद्यांची परवानगी घ्यावी लागते. एरवी गावच्या नदीवरील जुना पूल बदलताना स्वतंत्र पर्यावरणीय अहवाल सहसा मागितला जात नाही. म्हणजेच जेथे कायद्याचे बोट सुटते, तेथे अभियंता आणि ग्रामपंचायत यांची जबाबदारी सुरू होते. शहापूर तालुका आणि मुरबाड तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे भूसंपादन, गौण खनिज यांसारख्या बाबतींत ग्रामसभेस पंचायत विस्तार कायद्याने विशेष स्थान दिले आहे. त्याचा उपयोग केवळ ठराव मंजूर करण्यापुरता मर्यादित राहू नये.

गावच्या पातळीवर पुढील गोष्टींची नोंद कोणत्याही विशेष साधनाविना करता येते :

१. पुराची खूण. आजवरच्या मोठ्या पुरांचे पाणी कोणत्या घराच्या पायरीपर्यंत, कोणत्या झाडापर्यंत आले, हे वडीलधाऱ्यांस विचारून खुणा रंगवून ठेवाव्यात. पुलाची उंची व रुंदी ठरविण्यास त्या मोलाच्या ठरतात.

२. पुलालगतचा भराव. भराव पाण्यास बांधाप्रमाणे अडवतो. पूल टिकतो आणि भराव वाहून जातो, किंवा भरावामुळे वरच्या अंगाच्या शेतात पाणी तुंबते. ओढे-नाले पूर्वी कोठून वाहत होते, याची माहिती शेतकऱ्यांनी द्यावी व तेथे मोऱ्या ठेवण्याचा आग्रह धरावा.

३. जुन्या पुलाचे अवशेष. जुने खांब पात्रात तसेच राहिले, तर पुरात वाहून येणारी झाडे त्यांना अडकतात व प्रवाह काठाकडे वळून जमीन कापतो. राडारोडा कोठे जाणार, हे निविदेतच नमूद व्हावे.

४. तात्पुरते बांध. बांधकामासाठी पात्रात घातलेले मातीचे बांध पावसाळ्यापूर्वी काढलेच पाहिजेत. पहिल्या पावसात वलगणीचे मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात व ओहोळ-शेतांत अंडी घालतात. बांध राहिला, तर मासळीची वाटही अडते आणि पूरही.

५. पिण्याचे पाणी. नळपाणी योजनेची जॅकवेल, पाणवठे व गुरांची उतरण पुलाच्या खालच्या अंगास असल्यास कामाच्या काळातील गढूळपणा व तेलगळती यांवर लक्ष ठेवावे लागते.

६. वाळू व खडी. पुलाच्या आसपास पात्रातील वाळू उपसल्यास तळ खोल जातो आणि खांबांचे पाये उघडे पडतात. सामग्री कोठून येणार, याची विचारणा ग्रामसभेने करावी.

शाळांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून पुराच्या खुणांचा नकाशा करून घेतला, तर भूगोलाचा पाठ आणि गावाची नोंदवही दोन्ही एकाच वेळी तयार होतील. ही नोंदवही ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहिली, तर अधिकारी बदलले, पदाधिकारी बदलले, तरी नदीची आठवण कायम राहील.

वाशीच्या एकाच खाडीवर अर्धशतकात तीन पूल उभे राहिले. पहिल्याने खाऱ्या हवेचा धडा दिला. तिसऱ्याने कांदळवनाचा आणि जाळे टाकणाऱ्या हातांचा. त्या धड्यांची किंमत समाजाने मोजलेली आहे. मुरबाड-शहापूरच्या नद्यांवर यापुढे जे पूल बदलले जातील, त्यांच्या आराखड्यावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी ग्रामपंचायतीची नोंदवही अभियंत्याच्या हाती पडली, तर तीच किंमत पुन्हा मोजण्याची वेळ गावावर येणार नाही.