निवळू दे, मग बघ

पोरी, उद्यापासून फ्लास्क घुसळणाऱ्या शेकरवर तू एकटी असशील, म्हणून दोन गोष्टी आजच सांगून ठेवते.

फ्लास्कमध्ये समुद्राइतकं खारं १२० मिलिलिटर पाणी, त्यावर १०० मायक्रोलिटर तेल, तेलावर ४ मायक्रोलिटर डिस्पर्संट, म्हणजे तेल बारीक थेंबांत फोडणारं औषध. सगळा निकाल या एवढ्याशा थेंबावर. जड तेल साध्या पिपेटला आतून चिकटून बसतं, तेव्हा दट्ट्याचीच पिपेट घे. डिस्पर्संट तेलाच्या मधोमध पडायला हवं. आधी पाण्याला लागलं तर ते पाण्यातच निघून जातं. तसं झालं तर तो फ्लास्क ओतून दे नि नव्याने मांड. ‘चालून जाईल’ म्हणायचं नाही.

मग मिनिटाला २०० फेरे, १० मिनिटं. फ्लास्कच्या भिंती आत दाबलेल्या असतात, त्यावर पाणी आपटतं आणि लाट फुटल्यासारखं घुसळून निघतं. थांबल्या थांबल्या सगळंच तेल मिसळलेलं दिसेल. भुलू नकोस. १० मिनिटं निवळू दे, टेबलाला धक्का लागू देऊ नको. मोठे थेंब वर येऊन पुन्हा तवंग धरतात. केसाच्या जाडीहून बारीक असतात तेच पाण्यात टिकतात. आपल्याला मोजायचे ते हेच. तळाची तोटी हळू उघड, पहिले २ मिलिलिटर टाकून दे, कारण ते तोटीतच अडकून होते, घुसळलेच नव्हते. पुढचे ३० घे. आणि डिस्पर्संट न घातलेला एक फ्लास्क दरवेळी सोबत ठेव, नाहीतर नुसत्या घुसळण्याचं श्रेय औषधाला जाईल.

ताज्या, हलक्या क्रूडवर विरलेल्या तेलाचा आकडा छान येतो. पण समुद्रावर सांडलेलं तेल ताजं राहत नाही. हलका भाग उडून जातो, उरलेलं पाणी पिऊन श्रीखंडासारखं घट्ट होतं, त्यावर औषध फारसं चालत नाही. शिवाय दरवेळी हलकं क्रूडच सांडतं असंही नाही. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा या जहाजाची दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली, तेव्हा सांडलं ते जहाजाचं जड इंधन. किनारा नि खारफुटी काळी पडली. म्हणून जड इंधनावर आणि मुरवलेल्या तेलावरही चाचणी लाव, मगच अहवालावर सही कर.

कधी बोटीवर जायची वेळ आली तर पाण्याचा रंग बघ. फवारल्यावर दुधाळ कॉफीसारखा ढग खाली उतरला तर तेल विरतंय. नुसतं पांढरं दूध दिसलं तर औषध तेलाला चुकवून पाण्यात पडलंय. तेल विरलं म्हणजे औषध निरुपद्रवी, असंही धरू नको. १९६७ मध्ये टोरी कॅन्यन हे तेलवाहू जहाज फुटल्यावर इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खडकांवरचे शंखजीव तेलापेक्षा त्या वेळच्या धुलाईच्या रसायनांनीच जास्त मेले. विषारीपणाची चाचणी वेगळी, तीही मागून घे.

आणि हो, फ्लास्क साबणाने धुतलास की शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा विसळ. साबणही तेल फोडतोच; काचेला जरा राहिला तर उद्याचा आकडा त्याचाच येईल.