एंझाइमाच्या वेगाची मर्यादा

विक्रियेतील द्रव्यांचे प्रमाण वाढविले की विक्रियेचा वेगही वाढतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. एंझाइमांच्या बाबतीत मात्र हा नियम काही मर्यादेपर्यंतच लागू पडतो. एंझाइम ज्या पदार्थावर कार्य करते त्याला क्रियाधार म्हणतात. क्रियाधाराची संहती अत्यल्प असताना ती दुप्पट केल्यास वेग जवळजवळ दुप्पट होतो. पुढे ही वाढ मंदावते आणि अखेर कितीही क्रियाधार घातला तरी वेगात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. एंझाइमाच्या प्रत्येक रेणूला क्रियाधाराशी संयोग पावून त्याचे रूपांतर करण्यास थोडा वेळ लागतो. सर्वच रेणू त्यात गुंतले की उरलेल्या क्रियाधाराला थांबावेच लागते.

व्हिक्टर आंरी यांनी १९०३ साली या कल्पनेला गणिती रूप दिले होते. तथापि, तिला भक्कम प्रायोगिक आधार मिळाला तो १९१३ मध्ये, बर्लिन येथे. लिओनोर मिखाएलिस आणि कॅनडाहून आलेल्या मॉड मेंटेन यांनी यीस्टमधील इन्व्हर्टेज हे एंझाइम निवडले. ते उसाच्या साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे विघटन करते आणि त्या वेळी द्रावणातून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाचे वलन बदलत जाते. त्यावरून वेग मोजता येतो. द्रावणाची आम्लता त्यांनी कायम राखली आणि विघटनातून निर्माण झालेले पदार्थ अडथळा आणण्यापूर्वीचा, म्हणजे आरंभीचा वेग तेवढा विचारात घेतला. त्यांच्या कामाचे खरे महत्त्व या दक्षतेत आहे.

ज्या संहतीला वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो, तिला आज मिखाएलिस स्थिरांक म्हणतात. संहती या स्थिरांकाच्या नऊपट केली, तर वेग कमाल वेगाच्या ९० टक्के होतो. ९९ टक्के गाठण्यासाठी मात्र ती ९९ पट करावी लागते!

यकृतातील अल्कोहॉल डिहायड्रोजनेज या एंझाइमाचा हा स्थिरांक एथिल अल्कोहॉलसाठी फार लहान आहे. म्हणून थोड्याशा मद्यानेही ते एंझाइम पुरते व्यापले जाते, आणि अधिक प्यायल्याने मद्याचा निचरा लवकर होत नाही. विषारी दारूतील मेथिल अल्कोहॉलपासून प्रथम फॉर्माल्डिहाइड व नंतर दृष्टी हिरावणारे फॉर्मिक आम्ल तयार होते. त्यातील पहिली पायरी हेच एंझाइम घडविते. परंतु एथिल अल्कोहॉलशी ते कितीतरी अधिक सहजतेने संयोग पावते. त्यामुळे अशा रुग्णाला रुग्णालयात मोजून एथिल अल्कोहॉल देत. एंझाइम त्यात गुंतून राही आणि तेवढ्या अवधीत मेथिल अल्कोहॉल मूत्र व श्वास यांवाटे किंवा रक्तशुद्धीकरणाने शरीराबाहेर काढता येई. पुढे त्याच एंझाइमाला अडवून धरणारे फोमेपिझोल हे औषध उपलब्ध झाले. ते जेथे मिळत नाही तेथे आजही एथिल अल्कोहॉलच वापरतात.