गाडी चालू होईना? आधी गाडीला विचारा!

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देते. माझी शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख देणार म्हटल्यावर रूमवरच्या मैत्रिणी पोट धरून हसल्या. पण या लेखात जे काही आहे ते मला मराठीतच शिकायला मिळालं, आणि तेही वर्गात नाही, तर गावाकडच्या गॅरेजमध्ये. म्हणून ते मराठीतच लिहिते. शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात!

आमचं गाव हट्टा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, पण आमच्या घराची मोठ्या दवाखान्याची वाट अजून परभणीचीच आहे. आजोबांकडे १९९८ सालची मारुती ८०० आहे. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटरवाली. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आमची गाडी वयाने माझ्यापेक्षा मोठी. घरात तिला मान आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका रात्री दोनच्या सुमारास आजीला दम लागला. आजोबांनी गाडीत बसून चावी फिरवली. ‘टक्’ असा एक आवाज, आणि बस्स. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरात यंत्र अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे ना! मी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि नुसती बघत उभी राहिले. ऑटो सायकलचा आलेख मी डोळे मिटून काढू शकते, पण त्या क्षणी हात कुठे लावायचा तेच कळेना. शेवटी काकांनी शेजारची जीप उठवली आणि आजीला नेलं. या सगळ्यात पाऊण तास गेला. आजी आठ दिवसांनी बरी होऊन घरी आली. पण ‘जरा लवकर आणायचं होतं’ हे डॉक्टरांचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

त्याआधी महिनाभर ही गाडी असाच त्रास देत होती. शहरातल्या एका गॅरेजने आधी नवी बॅटरी बसवली, मग सेल्फ बदलला (आपल्या पुस्तकातल्या स्टार्टर मोटरला गॅरेजमध्ये सेल्फ म्हणतात). काही हजार रुपये गेले, पण आजार तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी गावातले मिस्त्रीचाचा आले. त्यांनी पाना काढलाच नाही. म्हणाले, “बाई, हेडलाईट लाव अन् चावी फिरव. मी लाईटकडं बघतो.” मी चावी फिरवली. लाईट जराही मंद झाला नाही. “बॅटरी चांगली हाय,” चाचा म्हणाले. मग त्यांनी अ‍ॅक्सिलेटरची तार चाचपली. “हात लावून बघ, गरम लागायली.” खरंच कोमट लागत होती! चाचांनी जाड वायरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला धरलं, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. “आता मार सेल्फ.” गाडी पहिल्या झटक्यात चालू!

बॅटरीपासून गिअरबॉक्सला जाणारी अर्थिंगची पट्टी बोल्टाखाली गंजली होती. पॉलिश पेपरने घासली, बोल्ट आवळला, काम संपलं. चाचांनी पन्नास रुपये घेतले आणि जाताना म्हणाले, “सगळे येतेत अन् पार्ट बदलतेत. गाडीला कुणी इचारीत नाही.”

हे वाक्य म्हणजेच या लेखाचा धडा. चला तर मग, गाडीला विचारायचं कसं ते बघू.

१. चावी फिरवल्यावर काय ऐकू येतं?

गाडी चालू होत नाही ही तक्रार झाली, निदान नव्हे. आधी आवाज ऐका.

आवाजही नाही आणि डॅशबोर्डचे दिवेही नाहीत, तर बॅटरी पार उतरलेली, टर्मिनल सुटलेलं किंवा मुख्य फ्यूज उडालेला. भराभर ‘टिक-टिक-टिक’ होत असेल तर बॅटरी कमजोर किंवा टर्मिनल खराब. एकच ‘टक्’ असेल तर सेल्फपर्यंत पुरेसा करंट पोचत नाही किंवा सेल्फमध्येच दोष आहे. इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. तिथे पेट्रोल किंवा स्पार्कची चौकशी करायची.

यानंतर चाचांची हेडलाईट परीक्षा. चावी फिरवताना लाईट एकदम विझत आला तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. लाईट तसाच लख्ख राहिला आणि इंजिन फिरलं नाही, तर दोष बॅटरीच्या पुढे आहे: सेल्फ, त्याची केबल, त्याचा स्विच नाहीतर इंजिनचं अर्थिंग. या परीक्षेला एक पैसा लागत नाही.

२. पहिल्या वर्षाचा ओहमचा नियम

लाईट लागतो आणि सेल्फ फिरत नाही, असं का? समजा सेल्फला १०० अँपिअर लागतात. गंजलेल्या जोडाचा रोध फक्त ०.०५ ओहम आहे. १०० गुणिले ०.०५ म्हणजे ५ व्होल्ट त्या गंजातच खर्च झाले. बारापैकी उरले सात, त्यात सेल्फ काय फिरणार? हेडलाईटला मात्र दहाएक अँपिअर पुरतात, आणि आमच्या गाडीत त्याचं अर्थिंग बॉडीला, वेगळ्या वाटेने होतं. इंजिनची वाट बंद झाल्यावर करंट परतीसाठी मिळेल ती वाट धरतो. आमच्याकडे तो अ‍ॅक्सिलेटरच्या तारेतून जात होता, म्हणून ती गरम! हा प्रश्न मला वायव्हात कुणी विचारला असता तर मी उत्तर दिलं असतं. रात्री दोन वाजता बॉनेटखाली मात्र ते सुचलं नाही.

घरी साधा मल्टिमीटर असेल तर हे मोजता येतं. ओहमवर लावून उपयोग नाही, कारण इतका बारीक रोध साध्या मीटरला दिसत नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक. दोन-तीन व्होल्ट दिसले तर चोर सापडला.

बॅटरीचे आकडेही पाठ करून ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. तेव्हाही १२ च्याच घरात असेल तर अल्टरनेटर (गॅरेजच्या भाषेत डायनॅमो) चार्जिंग करत नाही किंवा पट्टा सैल आहे. अशा वेळी नवी बॅटरी आणली तरी तीही उतरणारच.

३. टर्मिनलची सफाई

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमते, ती घरी साफ करता येते. आधी निगेटिव्ह काढा. कारण सोपं आहे: पॉझिटिव्ह खोलताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. निगेटिव्ह आधीच सुटलेलं असेल तर धोका नाही. कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने घासा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं करा, आवळा, वरून व्हॅसलीन लावा. जोडताना उलट क्रम: आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ विडी-काडी नको. ही सूचना आमच्या काकांसाठी आहे!

४. इंजिन फिरतंय, पण पेट घेत नाही

पेट्रोल इंजिनला तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल, आणि वेळेवर ठिणगी. पेट्रोलचा काटा खोटं बोलतोय का ते आधी बघा. हसू नका, आमच्याकडे हे घडलेलं आहे. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर कार्बोरेटरवाली गाडी ‘ओव्हर’ झाली. दहा मिनिटं थांबा, मग अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारा. सारखं पंपिंग केलं तर पेट्रोल आणखी वाढतं.

थंड इंजिनचा प्लग काढून पाहिला तर तो पुष्कळ काही सांगतो. टोक फिकट तपकिरी असेल तर तब्येत उत्तम. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी; एअर फिल्टर आणि चोक बघा. तेलकट ओला असेल तर सिलिंडरमध्ये ऑईल येतंय. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन फार तापतंय. स्पार्क बघायला प्लगची वायर हातात धरायची नाही. तिथे हजारो व्होल्ट असतात.

जुनी गाडी असणाऱ्यांसाठी आणखी एक. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टप्प्याटप्प्याने आलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी फार दिवस उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाशी वेगळं होऊ शकतं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्याही या पेट्रोलसाठी बनवलेल्या नव्हत्या. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी फिरवा आणि नळ्यांवर चिरा, फुगवटा, वास आहे का ते तपासा. चीर दिसली की नळी बदला. तिथे चिकटपट्टी चालत नाही.

५. मे महिना आणि गरम इंजिन

आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. तापमानाचा काटा चढू लागला की एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा (हो, उन्हाळ्यातसुद्धा! हीटर म्हणजे छोटा जादा रेडिएटरच), सावली बघून थांबा आणि इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण अर्धा तास तरी उघडायचं नाही. आत दाब असतो, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि त्याच क्षणी उकळतं पाणी तोंडावर येतं.

गार झाल्यावर क्रमाने बघा: पाणी कमी आहे का, खाली गळतंय का, पट्टा तुटलाय का, काटा वर गेल्यावर पंखा फिरतो का. पंखा फिरत नसेल तर आधी फ्यूज. हे सगळं ठीक असेल तर थर्मोस्टॅट. तो काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगा आणि गॅसवर ठेवा. बहुतेक थर्मोस्टॅट ८० ते ९० अंशांच्या आसपास उघडतात. पाणी उकळलं तरी उघडला नाही तर बदला. आपल्याकडे ‘काढूनच टाका’ असा सल्ला फुकट मिळतो. तो ऐकू नका, कारण मग इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि झिजही वाढते.

६. नव्या गाड्या

नव्या गाड्यांत डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. तिथे छोटं यंत्र लावलं की मोबाईलवर कोड दिसतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. पण लक्षात ठेवा, कोड तक्रार सांगतो, पार्ट नाही. मिसिंग प्लगमुळे असेल, कॉईलमुळे किंवा इंजेक्टरमुळेही. अशा वेळी पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉईलची अदलाबदल करा. कोड पी०३०२ झाला तर दोष कॉईलसोबत गेला. नाही झाला तर पुढची वस्तू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही.

७. इथे हात लावू नका

ब्रेकचं पेडल मऊ लागलं किंवा खाली गेलं तर गाडी चालवूच नका, मिस्त्रीला घरी बोलवा. स्टिअरिंग आणि एअरबॅगही आपलं काम नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, आणि विटांचा आधार तर मुळीच नको. आपल्याला काय येत नाही हे कळणं हेही निदानच!

तर मित्रांनो, त्या सुट्टीत मी रोज तासभर चाचांच्या गॅरेजमध्ये बसले. पहिल्या दिवशी ते म्हणाले, “कॉलेजात काय शिकवतेत गं तुम्हाला?” मी वहीत ओहमचं गणित काढून दाखवलं, गंजातले पाच व्होल्ट दाखवले. चाचा बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हे मला तीस वर्षं माहीत हाय, पण कामून होतं ते आज कळलं.” मला तर उलट झालं होतं. कामून ते माहीत होतं, पण कुठं होतं ते त्यांनी दाखवलं.

आता महिन्यातून एकदा गावी गेले की पहिल्यांदा बॉनेट उघडते. टर्मिनल, अर्थिंगचा बोल्ट, पाणी, ऑईल, पट्टा. दहा मिनिटांचं काम आहे. आजी ओट्यावरून बघत असते आणि दर वेळी विचारते, “होईल ना गं चालू?” मी चावी फिरवून तिला आवाज ऐकवते. मगच ती आत जाते.

तुमच्याही घरी एखादी गाडी असेल. या सुट्टीत दहा मिनिटं तिला द्या, रात्री दोनची वाट बघू नका.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी