डाळिंब घेताना दाण्याचा भाव काढा

सोलापुरात फळांच्या गाड्यावर नजर आधी जाते ती लालभडक भगव्या डाळिंबावर, आणि भावही तिथेच चढलेला असतो. शेजारी कधी पिवळसर सालीची, एका गालावर गुलाबी झाक असलेली फळं दिसतात. कच्ची समजून बहुतेक गिऱ्हाइकं ती ओलांडून पुढे जातात. हातात घेऊन बघा, विक्रेत्याला वाण विचारा. गणेश असेल तर रंगाने ते कधीच भगव्यासारखं होणार नाही. पिकल्यावरही त्याची साल अशीच पिवळट गुलाबी राहते.

हे महाराष्ट्राचं जुनं वाण आहे. 1936 मध्ये डॉ. जी. एस. चीमा यांनी पुण्यात गणेशखिंडीला आळंदी डाळिंबाच्या झाडांमधून ते निवडलं. आळंदीचा दाणा रंगाला छान, पण बी टणक. गणेशचं बी मऊ निघालं. दाणा चावून सहज गिळता येतो, रस गोड, आंबटपणा कमी. दात नसलेल्या आजोबांना किंवा दोन-तीन वर्षांच्या पोराला डाळिंब द्यायचं असेल तर बियांचा हा मऊपणा सगळ्यात महत्त्वाचा. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात गणेशचा गुलेशाह रेड या लाल वाणाशी संकर झाला आणि त्याच्या पिढीतून मृदुला, आरक्ता, भगवा अशी निवड होत गेली. म्हणजे आज बाजार व्यापून बसलेला भगवा हा गणेशचाच वंशज आहे. त्याने मऊ बी घेतलं, सालीला आणि दाण्याला गडद रंग घेतला आणि साल जाड घेतली. जाड सालीमुळे फळ सांगोल्याहून परदेशापर्यंत टिकतं. निर्यातीला हा मोठा गुण आहे. पण सकाळी मंडईतून आणून दुपारी सोलणाऱ्या माणसाने त्याचे वेगळे पैसे का मोजावेत?

आता हिशोब. डाळिंबात दाणे साधारण 55 ते 65 टक्के निघतात, बाकी साल आणि पडदे. म्हणून किलोचा भाव 0.6 ने भागला की दाण्याचा खरा भाव कळतो. समजा भगवा 180 रुपये किलो आहे, तर दाणे पडले 300 रुपये किलो. गणेश 120 ला मिळालं तर दाणे 200 ला. हे भाव फक्त उदाहरणाचे आहेत, ते आठवड्याला बदलतात. भागाकार मात्र तोच राहतो. एकदा घरी एक फळ सोलून दाणे तोलून बघा, तुमच्या नेहमीच्या विक्रेत्याच्या मालाचा आकडा हाती येईल. सोललेल्या दाण्यांचा 200 ग्रॅमचा डबा 80 रुपयांना असेल तर तो 400 रुपये किलो पडला. वरचे शंभर-दोनशे रुपये सोलण्याच्या श्रमाचे आणि डब्याचे. घाईच्या घरात ते देणं चुकीचं नाही, फक्त आकडा माहीत असावा.

रसाचं गणित याहून महाग आहे. फळाच्या वजनाच्या साधारण 40 टक्के रस धरला तर एका लिटरला अडीच किलो फळ लागतं. 180 च्या भावाने लिटरमागे 450 रुपये, 120 च्या भावाने 300. दोनशे मिलीच्या ग्लासात अर्धा किलो फळ जातं, म्हणजे 60 ते 90 रुपयांचं नुसतं फळच. रसवंतीवर ग्लास चाळीस रुपयांना मिळत असेल तर त्यात उतरत्या प्रतीचा स्वस्त माल असेल, नाहीतर पाणी आणि साखर. आजारी माणसासाठी रस हवा असेल तर घरीच काढा.

नावांच्या बाबतीत सावध राहायला हवं. शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी, जय महाराष्ट्र, रेड डायना ही सगळी भगव्याचीच नावं आहेत. 'हा साधा भगवा नाही, मस्तानी आहे' असं सांगून कुणी किलोमागे वीस-तीस रुपये जास्त मागत असेल तर ते देऊ नयेत. सोलापूर डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा जिल्ह्याला अभिमान आहे आणि मलाही आहे. पण मानांकन प्रदेशाशी बांधलेलं असतं, हातातलं फळ गोड निघेल की नाही हे त्यावरून ठरत नाही. 'सोलापूर लाल' मात्र खरंच वेगळं वाण आहे. सोलापुरातल्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने ते 2017 मध्ये आणलं. त्यात लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व अधिक आहे आणि त्याच्या वंशावळीतही गणेश आहेच. मात्र या नावाने फळ विकणाऱ्याला बाग कुठली ते जरूर विचारा.

भाव ठरवणारी दुसरी गोष्ट आकार. व्यापारात 500 ते 750 ग्रॅमच्या फळाला किंग म्हणतात, 400 ते 500 ला क्वीन, 300 ते 400 ला प्रिन्स, आणि 250 ते 300 ग्रॅमचं 12-ए. मोठ्या फळाला जास्त पैसे पडतात ते दिसण्याचे आणि भेट देण्याचे. घरी खायला प्रिन्स किंवा 12-ए पुरेसं आहे. त्याहून लहान घेऊ नका, त्यात सालीचा वाटा वाढतो.

चार घरं मिळून घेणार असाल तर सिद्धेश्वर बाजार समितीत वीस किलोचं कॅरेट घेणं परवडतं. कॅरेट 2,000 रुपयांना पडलं तर किलो 100 रुपये. आडत, हमाली, तोलाई वेगळी लागणार का, हे बोली करण्याआधीच विचारा. आणि कॅरेटच्या वरच्या थरावर विश्वास ठेवू नका. तळातली चार फळं काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

डाळिंब तोडल्यावर पिकत नाही. आंबा घरी ठेवून पिकतो तसं याचं होत नाही, म्हणून कच्चं फळ स्वस्तात घेतलं तर ते पैसे वायाच गेले. पक्व फळ पूर्ण गोल राहत नाही, बाजूंनी किंचित चपटं आणि कंगोऱ्याचं होतं. आकाराच्या मानाने हाताला जड लागतं. दाबल्यावर मऊ लागलं, तर आत दाणे तपकिरी झाले असण्याची शक्यता मोठी. उन्हाने करपलेला तपकिरी चट्टा असेल तर त्या बाजूचे दाणे फिके निघतात.

गणेश घेताना हंगामही बघा. थंडीत तयार झालेल्या फळाचा दाणा चांगला गुलाबी असतो. उन्हाळ्याच्या झळा खाल्लेल्या फळाचा दाणा फिका पडतो, कधी जवळजवळ पांढरट. मृग बहाराचं फळ नोव्हेंबर ते जानेवारीत येतं, हस्त बहाराचं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. माझं मत विचाराल तर गणेश खायचं ते डिसेंबर-जानेवारीत.

आणखी एका फळाची बाजू मला घ्यायची आहे: तेल्याचे डाग पडलेलं डाळिंब. तेल्या हा जिवाणूजन्य रोग. त्याने सोलापूर-सांगोल्याकडच्या किती बागा उपटायला लावल्या, ते शेतकऱ्यांना विचारा. सालीवर काळे तेलकट डाग पडले की भाव कोसळतो. पण साल तडकलेली नसेल तर आतले दाणे बहुतेक वेळा निरोगी असतात आणि या जिवाणूचा माणसाला काही त्रास होत नाही. असं फळ निम्म्या भावात मिळत असेल तर आनंदाने घ्या, तुमचे पैसे वाचतील आणि शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळेल. तडा गेलेलं मात्र नको, त्यातून बुरशी आत जाते.

अंगणात गणेश लावायचं असेल तर बी पेरू नका. बियांपासून मूळ झाडाचे गुण येतीलच असं नाही. खात्रीच्या रोपवाटिकेतून गुटी कलम घ्या आणि पावतीवर वाणाचं नाव लिहून घ्या. कलमाची किंमत हा या खर्चातला सगळ्यात लहान आकडा असतो. दोन-दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, एक-दोन टोपल्या शेणखत, आणि काळ्या चिकट जमिनीत पाणी साचत असेल तर मुरुम-वाळू मिसळण्याची मजुरी, हा खरा खर्च. पहिली दोन वर्षं आलेली फुलं तोडून टाकायची, फळ तिसऱ्या वर्षी धरायचं. फळ लिंबाएवढं झालं की त्याला कागदी किंवा कापडी पिशवी बांधा. फळ पोखरणाऱ्या अळीवर घरच्या झाडासाठी यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही, आणि फवारणीचा पंपही विकत आणावा लागत नाही.