संगणकातच असलेली माहितीपुस्तिका शोधा आणि जपा

भोसरी, चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात लेथ, मिलिंग व जॉबवर्कच्या धंद्यात आता सीएनसी यंत्रे आली आहेत. या यंत्रांना प्रोग्राम लिहून द्यावा लागतो. एखादी आज्ञा अडली की इंटरनेटवर पाहायचे किंवा ओळखीच्या कारागिराला फोन लावायचा, अशी सवय पडली आहे. नेट बंद पडले की जॉब चकमध्येच राहतो.

पण खरा धोका वेगळाच आहे. जी ९२ ही आज्ञा घ्या. फानुक कंट्रोलच्या लेथवर, ए पद्धतीत, ती आटे पाडण्यासाठी असते. लिनक्स-सीएनसीमध्ये तीच आज्ञा मापाचा शून्य बिंदू सरकवते. एकाची माहिती वाचून दुसऱ्यावर प्रोग्राम चालवला, तर पुढची सारी मापे चुकतील आणि टूल चकवर आदळू शकेल. म्हणून आपल्या यंत्रावर जी आवृत्ती आहे, तिचीच पुस्तिका पाहावी. ती बहुधा संगणकातच असते, हे अनेकांना ठाऊक नसते.

लिनक्स-सीएनसी ही विनामूल्य प्रणाली आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेच्या कामातून तिचा उगम झाला. ती डेबियन लिनक्सवर बसवली असेल तर प्रथम 'यूएसआर' फोल्डर उघडावे, त्यात 'शेअर' आणि त्यात 'डॉक'. बसवलेल्या प्रोग्रामांची कागदपत्रे येथे नावानिशी सापडतात. मोठी पुस्तिका तेथे नसेल, तर ती वेगळ्या पॅकेजमध्ये असते. नेट चालू असतानाच ते बसवून घ्यावे.

आज्ञांची छोटी टिपणे 'मॅन' मध्ये असतात. टर्मिनलवर मॅन, मग आडवी रेघ व के, आणि पुढे हवा तो इंग्रजी शब्द, असे रोमन अक्षरांत टाइप केले की त्या विषयाच्या टिपणांची यादी मिळते. यादी क्षणात येते, कारण संगणक दर वेळी सर्व पाने चाळत नाही. त्याने आधीच सूची करून ठेवलेली असते. नवे टिपण सूचीत दिसले नाही, तर 'मॅनडीबी' ही आज्ञा देऊन ती ताजी करावी.

हीच युक्ती मोठ्या पीडीएफ पुस्तिकेला लावावी. 'पीडीएफटूटेक्स्ट' या आज्ञेने तिचा मजकूर एकदाच साध्या फाइलीत उतरवावा आणि पुढे 'ग्रेप'ने त्यात शोधावे. फाइलीच्या नावात आवृत्तीचा क्रमांक घालावा. प्रणाली बदलली की जुनी फाइल काढून नवी करावी. हे विसरल्यास सूची वेगाने सापडेल, पण माहिती शिळी असेल.

शेवटी एक साधी वही यंत्राशेजारी ठेवावी. नेहमीच्या आज्ञा, पुस्तिकेतील पान आणि आवृत्ती तीत लिहावी. कारागीर बदलला तरी ज्ञान कारखान्यातच राहील.

आमची बांधवांना विनंती आहे की, हे काम एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुलाला सोबत घेऊन करावे. ग्राहकाचा माल ही आपल्याकडे अमानत आहे. अंदाजाने चालवलेल्या प्रोग्रामने तो बिघडू नये. हुनराला इल्मची जोड मिळाली, तर रोजीत बरकत होईल, इन्शाअल्लाह.